ठोकळा

सरकारी नोकराचे घर एका गावाहून दुसऱ्या गावी हलते तेव्हा काय काय फुटते, याची एक यादी आमच्या पत्नीजवळ आहे. नागपूरहून भिलाईला येताना त्या यादीत एक बरणी, देवघरातील समईचे एक पाते आणि भिंतीवरचे घड्याळ अशी भर पडली. न फुटता आलेल्या वस्तूंची यादी मात्र कोणी ठेवीत नाही. ती ठेवली असती तर तिच्यात पहिले नाव एका सहा रंगांच्या ठोकळ्याचे पडले असते. सीताबर्डीच्या फुटपाथवर चिरंजीवांनी हट्टाने घ्यायला लावलेला तो रुबिकचा क्यूब त्यांच्या खिशातून प्रवास करीत कोहक्याला आला.

कोहका हे भिलाईतले आमचे राहण्याचे ठिकाण. कचेरीजवळ जागा महाग म्हणून इथे एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. खाली घरमालकांचे कुटुंब राहते. त्यांची छत्तीसगढी आम्हांला निम्मी कळते आणि आमची हिंदी त्यांना निम्मी, त्यामुळे संबंध अतिशय सलोख्याचे आहेत. रविवारी सुपेल्याचा बाजार, एरवी स्कूटरवरून कचेरी. या मुलखात मराठी माणूस अगदीच उपरा नाही. १९५६ पर्यंत हा सारा भाग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता, आणि आमचे आजोबा त्या काळात तारबाबू म्हणून काही वर्षे रायपूरला होते. पण दहा वर्षांच्या मुलाला १९५६ सालाचा काय उपयोग? त्याचे मित्र नागपुरात राहिले होते. शाळेतून आला की तो गॅलरीत पाय सोडून बसे आणि ठोकळा फिरवी. त्या फिरवण्याचा कर्रर्र असा आवाज आमच्या संध्याकाळींचा एक भाग झाला. खाली घरमालकांचा नातू अंगणात चेंडू आपटीत असे. आपटताना तो वर पाही. हा खाली पाहत नसे.

या खेळण्याविषयी आमचे ज्ञान तोवर एवढेच होते, की ते सुटत नाही. एर्नो रुबिक या बुडापेस्टच्या वास्तुशास्त्राच्या शिक्षकाने ते १९७४ साली बनवले आणि ते सोडवायला त्यांना स्वतःलाच महिनाभर लागला, हे कळल्यावर आम्हांला फार बरे वाटले. ठोकळ्याच्या निरनिराळ्या मांडण्या किती, तर ४३ या आकड्यापुढे अठरा शून्ये मांडावी लागतात. इतक्या मांडण्यांतून रंग जागेवर आणणे हे अर्थखात्यालाही जमणार नाही, असा आमचा समज. चिरंजीव तो दीड मिनिटात सोडवून दाखवू लागले तेव्हा तो समज गेला आणि त्याच्या जागी दुसराच विकार आला. आम्हांला त्यात 'प्रगती' दिसू लागली.

प्रगती दिसली की कारकुनाचा हात नोंदवहीकडे जातो. आम्ही एक दोनशे पानी वही आणली, तिला तांबड्या शाईने रकाने आखले : दिनांक, वेळा, सर्वोत्तम, सर्वांत वाईट, सरासरी, शेरा. चिरंजीवांना हा प्रकार प्रथम आवडला. आपल्या खेळाला वडिलांनी फाइल उघडली याचा त्यांना अभिमानही वाटला असावा. रोज पन्नास वेळा ठोकळा सोडवायचा, मोबाइलच्या घड्याळात वेळ बघायची आणि आम्ही ती टिपायची. दीड मिनिटाचे सव्वा मिनिट झाले, सव्वाचे एक. मग पन्नास सेकंदांवर गाडी येऊन थांबली. दोन महिने ती तिथेच उभी होती.

त्या दोन महिन्यांत आम्ही या विद्येचा अभ्यास केला. (कचेरीच्या वेळेत नव्हे, हे वरिष्ठांच्या माहितीसाठी.) जगात ही गोष्ट किती गांभीर्याने केली जाते हे पाहून आम्ही चकित झालो. पहिली जागतिक स्पर्धा १९८२ च्या जूनमध्ये बुडापेस्टला झाली. ती मिन्ह ताई या मूळच्या व्हिएतनामी, पण अमेरिकेतर्फे खेळणाऱ्या मुलाने २२.९५ सेकंदांत जिंकली. पुढे २०२३ साली मॅक्स पार्क या अमेरिकन तरुणाने ३.१३ सेकंदांत ठोकळा सोडवला, आणि २०२५ मध्ये तोही विक्रम मागे पडला. तीन सेकंदांत आम्हांला चष्मासुद्धा सापडत नाही. आणि ही मंडळी विलक्षण बोटे घेऊन जन्माला येतात असेही नाही. ती सराव करतात, आणि त्यांच्या सरावाला एक रीत असते.

ती रीत थोडक्यात सांगतो. नवशिका ठोकळा थराथराने सोडवतो : तळ, मग मधला थर, मग माथा. वेगवान खेळाडूंपैकी बहुतेक जण जी पद्धत वापरतात ती जेसिका फ्रिड्रिख यांच्या नावाने ओळखली जाते. या बाई १९८२ च्या त्या स्पर्धेतही होत्या. त्यांच्या पद्धतीत प्रथम तळावर एका रंगाची फुली करायची. मग कोपरा आणि कडा यांच्या चार जोड्या जुळवून खालचे दोन थर एकदमच पुरे करायचे. शेवटी माथ्याचा रंग एक करायचा आणि माथ्यावरचे तुकडे आपापल्या जागी न्यायचे. या शेवटच्या दोन कामांसाठी सूत्रे आहेत : पहिल्यासाठी ५७, दुसऱ्यासाठी २१. ज्यांना एवढी पाठ करवत नाहीत त्यांच्यासाठी सोळा सूत्रांत भागणारी जोडवाट आहे. तिने दोनऐवजी चार टप्पे पडतात एवढेच.

आता सरावाचे. उठल्यासुटल्या संपूर्ण ठोकळा सोडवीत बसणे हा सराव नव्हे, असे जाणती मंडळी सांगतात. कामाचे तुकडे पाडावेत आणि एकेक तुकडा वेगळा घासावा. फुली कोणत्याही मांडणीतून जास्तीत जास्त आठ चालींत होतेच. म्हणून स्पर्धेत पाहणीसाठी जे पंधरा सेकंद मिळतात त्यांत संपूर्ण फुली मनात सोडवावी आणि मग डोळे मिटून ती हातांनी करावी. डोळे उघडल्यावर फुली दिसली नाही तर चूक हातांची नसते, पाहण्याची असते. सूत्रे रोज दोन घ्यावीत, आणि कालची दोन आज पुन्हा पाहावीत. उजवी बाजू वर, माथा डावीकडे, उजवी बाजू खाली, माथा उजवीकडे, ही चार चालींची एक छोटी साखळी आहे. ती सहा वेळा केली की ठोकळा होता तसा परत येतो. बोटे सैल करण्यासाठी नवशिक्यांना ती घोळवायला सांगतात. गाण्याच्या शिकवणीत मुलींकडून पलटे घोटवून घेतात, त्याच जातीचे हे काम.

सर्वांत अवघड भाग मधल्या चार जोड्यांचा. इथे वेळ हात फिरवण्यात जात नाही; एक जोडी बसली आणि दुसरी कुठे आहे हे शोधण्यात जातो. यावर उपाय म्हणून जो सराव सांगितला आहे तो आम्हांला प्रथम वेडगळ वाटला. मुद्दाम हळू फिरवायचे, इतके हळू की हात कुठेही थांबणार नाही. मोबाइलमध्ये ठोके देणारे यंत्र लावायचे आणि एका ठोक्याला एकच चाल करायची. हात पहिली जोडी बसवीत असताना डोळ्यांनी दुसरीच्या शोधात पुढे निघून जायचे. ते जमले की मग लय वाढवायची. वेग वाढवण्यासाठी वेग कमी करा, हे दहा वर्षांच्या मुलाला पटवून देणे सोपे नाही. आम्ही ते पटवूनही दिले नाही. आम्ही त्याचे वेळापत्रक केले.

सहा ते सव्वासहा फुली. सव्वासहा ते पावणेसात जोड्या, मंद लयीत. पावणेसात ते सात सूत्रे. सात वाजता पाच वेळांची परीक्षा, त्यातली सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट वेळ वगळून उरलेल्या तिहींची सरासरी. हा सरासरीचा नियम स्पर्धेतलाच आहे आणि आमच्या मते अत्यंत न्याय्य आहे; गोपनीय अहवालांनाही तो लागू व्हावा. वेळापत्रक गॅलरीच्या दारावर चिकटवले. पहिल्या आठवड्यात वेळ सुधारली नाही. दुसऱ्या आठवड्यात ती बिघडली, पन्नासाची छप्पन्न झाली. जुनी पद्धत सोडून नवी धरताना असे व्हायचेच. पण तेव्हा आम्हांला समोर दिसत होता तो सरासरीचा रकाना. आम्ही शेऱ्याच्या रकान्यात सवयीने लिहिले : 'प्रगती असमाधानकारक.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात कर्रर्र असा आवाज झाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ठोकळा कुठे आहे असे विचारले तर चिरंजीवांनी खांदे उडवले. आठ दिवसांनी तांदळाच्या डब्यात मापटे घालताना पत्नीला तो सापडला. तिने तो पुसून आमच्यापुढे टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "एका मुलाजवळ या गावात एकच वस्तू होती, तिचीही तुम्ही कचेरी केलीत."

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "तुमच्या टायपिंगची गोष्ट त्याला कधी सांगितलीत का हो?"

ती गोष्ट आम्ही कोणालाच फारशी सांगत नाही. आम्ही पदवीधर झालो तेव्हा घरची परिस्थिती बेताची होती. केंद्र सरकारच्या एका कारकुनी भरतीत लेखी परीक्षेत आमचा क्रमांक चांगला आला. उरली ती टंकलेखनाची चाचणी. इंग्रजीत मिनिटाला ३५ शब्द, दहा मिनिटे. म्हणजे दहा मिनिटांत १७५० वेळा कळ दाबायची. आम्ही घरी घड्याळ लावून चाळीसच्या वेगाने टंकीत होतो. परीक्षेच्या दालनात शेजारच्या कळफलकांचा खडखडाट सुरू झाला आणि आमची बोटे त्यांच्यामागे धावू लागली. शब्द वेळेत झाले. चुका मर्यादेबाहेर गेल्या. यादीत आमचे नाव नव्हते. वडील त्या वर्षी निवृत्त झाले होते. ते काही बोलले नाहीत; ते रोजच्यापेक्षा लवकर जेवले आणि झोपायला गेले.

त्या रात्री आम्ही चिरंजीवांना हे सगळे सांगितले. दिवा मालवलेला होता, त्यामुळे सांगणे जमले. बराच वेळ ते गप्प होते. आम्हांला वाटले झोपले. मग अंधारातून प्रश्न आला, "मग पुढच्या वेळी कसे पास झालात?"

पुढच्या वेळी आम्ही एका टायपिंगच्या क्लासात गेलो. तेथे जुनी यंत्रे होती, त्यांच्या कळांवरची अक्षरे पुसून गेलेली, आणि हातांवर पुठ्ठ्याचे झाकण. तेथल्या सरांनी आमचा चाळीसचा वेग पाहिला आणि आम्हांला पहिल्या धड्यावर बसवले : ए, एस, डी, एफ. ते लाकडी पट्टीने टेबलावर ठोके देत. ठोक्याआधी कळ वाजली तरी ओळ पहिल्यापासून काढायची. महिनाभर त्यांनी आम्हांला घड्याळाकडे पाहू दिले नाही. नजर कागदावर ठेवायची, आणि तीही जे टंकतो आहोत त्या शब्दावर नव्हे, त्याच्या पुढच्या शब्दावर. पुढच्या वर्षी आम्ही चाचणीला बसलो तेव्हा शेजारचा खडखडाट ऐकू येत होता. पण कानांत पट्टीही वाजत होती.

"म्हणजे ते ठोक्यांचंच," चिरंजीव म्हणाले, आणि कुशीवर वळले.

आजोबांची आठवण आम्हांला त्याच रात्री झाली. त्यांची तार घेण्याची कला आम्ही पाहिलेली नाही. आपल्या देशातली तारसेवाच २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. पण १८९७ आणि १८९९ साली अमेरिकेतील ब्रायन आणि हार्टर या दोघांनी तारबाबूंवर केलेले संशोधन आम्ही या ठोकळ्याच्या निमित्ताने वाचले होते. शिकाऊ तारबाबूचा वेग काही दिवस भराभर वाढतो, मग आठवडेच्या आठवडे एका पातळीवर अडतो, आणि मग पुन्हा चढू लागतो, असे त्यांना दिसले. अडलेल्या काळात तो बाबू अक्षरे ऐकायचे सोडून आख्खे शब्द ऐकायला शिकत असतो, अशी त्यांची उपपत्ती होती. असे पठार प्रत्येकाला लागतेच असे नाही, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले आहे. पण आमच्या घरात ते लागले होते, एवढे खरे. आणि नेमके त्याच पठारावर आम्ही 'असमाधानकारक' हा शेरा मारला होता. आजोबांच्या वरिष्ठांनी त्यांच्या वहीत काय लिहिले होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दारावरचे वेळापत्रक काढले. त्याच्या डिंकाचा डाग अजून आहे. वही चिरंजीवांच्या स्वाधीन केली, आणि त्यांच्यापुढे मांडी घालून बसलो : आम्हांला शिकवा. सदतिसाव्या वर्षी ठोकळा शिकणे ही काय यातना आहे हे अनुभवावाचून कळायचे नाही. मधला थर करताना खालचा मोडतो. तो सावरावा तर मधला जातो. आम्हांला पहिल्यांदा तो संपूर्ण सोडवायला अकरा दिवस लागले. चिरंजीव ठोके लावून समोर बसत आणि आम्ही चुकलो की जीभ टाळूला लावून 'च्' असा आवाज करीत. तो त्यांनी कोणाकडून उचलला हे सांगायला नको. त्या वहीत आता दोन बाजू आहेत. डावीकडे त्यांच्या वेळा, उजवीकडे आमच्या. आमच्या बाजूला शेरा लिहिण्याचा अधिकार त्यांचा आहे. त्यातला एक आम्ही जसाच्या तसा देतो : 'हात बरे आहेत, डोळे मागे पडतात.' आमच्या सेवापुस्तकात इतके अचूक वाक्य अद्याप कोणी लिहिलेले नाही.

दिवाळीपर्यंत त्यांची वेळ तिशीत आली, आणि नाताळात पंचविशीच्या आसपास. एकवीस सूत्रे पाठ झाली. सत्तावन्नांपैकी दहांवर ते तूर्त काम भागवतात. याच सुमारास खालचा नातू वर येऊ लागला. ठोकळा विस्कटून देण्यासाठी कोणी तरी तिऱ्हाईत लागतो, कारण स्वतः विस्कटला तर हाताला वाट आठवते. हे काम त्याने पत्करले. तो इतक्या निर्दयपणे विस्कटी की चिरंजीव हसत.

रायपूरच्या स्पर्धेला आम्ही पॉवर हाउसहून सकाळच्या गाडीने गेलो. एका शाळेच्या सभागृहात टेबले मांडली होती. मुले आणि मोठी माणसे मिळून पुष्कळ गर्दी होती, तरी आवाज फक्त ठोकळ्यांचा. कापसाच्या गिरणीत शिरल्यासारखे वाटले. पंच पाहणीचे आठ सेकंद झाले की सांगतात, बारा झाले की पुन्हा सांगतात. पंधरा ओलांडले की दोन सेकंदांचा दंड. दोन्ही तळहात घड्याळाच्या गादीवर ठेवायचे, उचलले की वेळ सुरू, पुन्हा टेकले की बंद. पालकांनी दोरीच्या मागे उभे राहायचे. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांचे ओठ सारखे हलत होते. पाहतो तो आमचेही हलत होते.

पहिल्या डावात चिरंजीवांचे हात भराभर चालले. इतके भराभर आम्ही घरी पाहिले नव्हते. शेवटचे सूत्र झाले, हात घड्याळावर आपटले, आणि ठोकळ्याच्या माथ्यावर तीन कडा चुकलेल्या. जे सूत्र डावीकडून करायचे ते उजवीकडून केले होते आणि डोळ्यांनी न पाहताच घड्याळ थांबवले होते. एका चालीने चुकले असते तर दोन सेकंदांवर भागले असते; हा डाव बादच झाला. त्यांनी मागे वळून दोरीकडे पाहिले. आम्ही काय करावे? हसावे तर खोटे, मान हलवावी तर ती शेऱ्यासारखी. आमचा हात खिशात होता. आम्ही तो बाहेर काढला आणि दोरी बांधलेल्या लोखंडी खांबावर बोटाने ठोके दिले, अगदी मंद लयीत. इतक्या गर्दीत ते ऐकू जाणे शक्य नव्हते. पण बोट दिसत होते.

पुढचे चार डाव २७.४१, २५.९०, २४.१८ आणि २६.३५. बाद डाव सर्वांत वाईट म्हणून वगळला गेला आणि नियमाप्रमाणे २४.१८ देखील गेला. सरासरी पडली २६.५५. दुसऱ्या फेरीत जाण्याइतकी ती नव्हती. परतीच्या गाडीत चिरंजीवांनी खिडकीची जागा घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. कुम्हारीच्या पुढे म्हणाले, "पहिल्यात मी शेजारच्याचा आवाज ऐकत होतो."

"माहीत आहे," आम्ही म्हणालो.

या गोष्टीला आता महिने झाले. मार्च सरत आला की आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ज्या यादीची वाट पाहिली जाते ती आमच्याकडेही पाहिली गेली. मागल्या वर्षी नागपूरला परत जाण्यासाठी आम्ही दोन अर्ज केले होते. या वर्षी अर्जाचा नमुना आणून टेबलावर ठेवला आणि चिरंजीवांना विचारले, भरू का? ते ठोकळा फिरवीत होते. म्हणाले, "थांबा, डाव संपू द्या." डाव संपला, पण उत्तर आले नाही, कारण तेवढ्यात खालून आरोळी आली. घरमालकांच्या नातवाने पहिल्यांदाच एकट्याने संपूर्ण ठोकळा सोडवला होता आणि तो अंगणातून ओरडत होता, "नीचे आ, मेरा हो गया! जल्दी आ!"

चिरंजीव दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेले. वही उघडीच राहिली होती, त्यांचा पेन तिच्यात. त्या दिवशी आमची पाळी होती. ती नोंद राहूनच गेली. अर्जाचा नमुना अजून टेबलावर आहे आणि त्यावर ठोकळा ठेवलेला असतो, पंख्याने कागद उडू नये म्हणून.